कोकणातलं जुन्या गाड्यांचं म्युझियम: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

जुन्या मोटारींचं म्युझियम म्हटलं की डोळ्यांपुढे अहमदाबादजवळचं ऑटो वर्ल्ड नाहीतर कोइम्बतूरचं गेडी कार म्युझियम येतं. मोठाली दालनं, ओळीने उभ्या चकचकीत गाड्या, प्रत्येकीपुढे माहितीची पाटी. कोकणात तालुक्याच्या गावी कुणीतरी हौसेने जमवलेल्या गाड्या बघायला निघाला असाल तर हे चित्र घरीच ठेवून या. इथे बहुधा चिऱ्याच्या भिंती आणि वर पत्रा अशी एक लांबट शेड असते, बाजूला मालकाचं घर, मागे माड. पाच-पंधरा गाड्या, दोन-चार स्कूटरी, भिंतीला टांगलेले जुने कंदील नि पेट्रोलचे डबे. पाटी असलीच तर हाताने रंगवलेली. माहिती सांगायला एक माणूस, आणि तो त्या वेळी जेवायला गेलेला असण्याची शक्यता बरीच.

राजेरजवाड्यांच्या रोल्स-रॉइस बघायच्या असतील तर हे ठिकाण तुमचं नव्हे. कोकणात जुन्या गाड्या आल्या त्या डॉक्टरांच्या, ठेकेदारांच्या, आंब्याच्या नि लाकडाच्या व्यापाऱ्यांच्या, आणि मुंबईत चार पैसे मिळवून गावी परतलेल्यांच्या. म्हणजे मॉरिस, फियाट, अॅम्बॅसेडर, विलीज जीप, क्वचित एखादी शेवरोलेट. दुर्मीळपणात या गाड्या कुणाला हरवणार नाहीत. पण खाऱ्या हवेत, वर्षाला तीन हजार मिलीमीटर आणि जास्त पडणाऱ्या पावसात लोखंडाचा पत्रा साठ-सत्तर वर्षं टिकवणं हा काय उद्योग असतो ते इथेच कळतं. मी म्हणेन, बघायचं ते हे. त्यासाठी सगळ्या गाड्या बघायची गरज नाही, एक नीट बघितली तरी पुरे.

आधी फोन करा

नकाशावर ‘उघडे आहे’ दिसलं म्हणून निघू नका. अशा ठिकाणी उघडं असणं म्हणजे मालक किंवा राखणदार घरी असणं. आदल्या दिवशी फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: उद्या कोणी आहे का, किती वाजता आलेलं बरं, फोटो काढले तर चालतील का. तिकिटाचं त्यातच विचारून घ्या. काही जण तिकीट लावतात, काही जण दानपेटी ठेवतात, काही जण काहीच घेत नाहीत आणि मग द्यायचं कसं हा प्रश्न आपल्यालाच पडतो.

फोन दुपारी एक ते चार करू नका. कोकणात ती जेवणाची आणि वामकुक्षीची वेळ. बाजारपेठासुद्धा अर्ध्या बंद असतात, म्युझियमचं काय घेऊन बसलात.

गणपतीचे दिवस आणि शिमगा टाळा. गाड्या बघायला नाही म्हणणार नाहीत, कोकणी माणूस दारात आलेल्याला तसा परत पाठवत नाही, पण घरात पाहुणे, आरत्या, पालखी आणि तुम्ही विचारताय कार्बोरेटरचं. एप्रिल-मेमध्ये ज्यांचा आंबा आहे त्यांना बोलायला उसंत नसते. शनिवार-रविवारी समुद्रकिनाऱ्यावरची गर्दी इकडे वळते. खरी मजा हवी असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला एखादा आडवार, सकाळी साडेनऊ-दहाची वेळ. शेडमध्ये ऊन तिरपं येतं आणि रंगाखालचं काम दिसतं. कसं, ते पुढे येईल.

पावसाळ्यात जावं का? बहुतेक संग्राहक जूनच्या आधी गाड्यांवर कापडं टाकतात, बॅटऱ्या काढून ठेवतात, काही गाड्या लाकडी ठोकळ्यांवर चढवतात. म्हणजे गाड्या झाकलेल्या. तरी एखाद्या फिटरला किंवा यंत्रात रस असलेल्या पोराला मी पावसातच जायला सांगेन, कारण गाडी राखणं म्हणजे काय ते झाकलेल्या गाडीपाशीच दिसतं. बाकीच्यांनी दिवाळीनंतर.

पोचायचं कसं

मुंबईकडून येणाऱ्याला दोन वाटा, महामार्ग ६६ नाहीतर कोकण रेल्वे. रेल्वेचं तिकीट मिळालं तर रेल्वेच घ्या. फक्त एक ध्यानात ठेवा: डोंगर-खाड्यांतून मार्ग काढताना कोकण रेल्वेची बरीच स्टेशनं गावापासून लांब पडली आहेत. राजापूर रोडला उतरलात म्हणजे राजापुरात पोचलात असं नाही. स्टेशनाबाहेरची रिक्षा ठरवताना ‘जाऊन-येऊन, तासभर थांबून’ असंच ठरवा, कारण म्युझियम गावाच्या टोकाला असेल तर परतीला रिक्षा मिळेलच याची खात्री नाही.

एसटी अजूनही सगळ्यात भरवशाची. महिलांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तेही नाही. डेपोत चौकशीच्या खिडकीवर आधी परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारा, मग जायच्या गाडीची. आणि त्या लाल डब्यात बसून जुन्या गाड्या बघायला जाण्यात एक औचित्यही आहे. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सुटली ती बेडफर्ड बनावटीची, तीस आसनांची. आज ती कुणाच्या शेडमध्ये उभी असती तर तिच्याभोवतीच सगळ्यात जास्त गर्दी झाली असती.

स्वतःच्या गाडीने किनाऱ्याकिनाऱ्याने येत असाल तर जंगलजेट्टीचा विचार करा: दिघी-आगरदांडा, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ. गाडीसकट खाडी ओलांडता येते आणि घाटातले फेरे वाचतात. सुटीच्या दिवशी रांग लागते, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

बरोबर काय न्यायचं

एक चांगली टॉर्च. मोबाइलची चालेल, पण वेगळी असेल तर बरं, कारण मोबाइल फोटोला लागतो आणि शेडमधल्या ट्यूबलाइटचा भरवसा नाही; लाइट कधी जाईल सांगता येत नाही. पाण्याची बाटली. सुटे पैसे, कारण रेंज नसली की क्यूआर कोड भिंतीवर नुसता शोभेला.

पट्ट्याचं मोठं बक्कल, कमरेला लटकणाऱ्या किल्ल्या, पाठीवरची फुगलेली सॅक या तीन गोष्टी जुन्या रंगाच्या वैरी. सॅक दाराशी ठेवा, किल्ल्या खिशात घाला. पांढरी पँट घालून जाऊ नका. वाकावं लागतं, आणि खाली ऑइल असतं.

आत गेल्यावर

आधी माणूस, मग गाडी. राखणदार वयस्क असेल तर काका, समवयस्क असेल तर दादा. कुठून आलात, कोणाकडे उतरलात, गाव कुठलं, ही चौकशी होणारच आणि ती टाळू नका. तुमच्या आजोबांकडे फियाट होती हे सांगितलंत तर पुढचा तास तुमचा. दारातच घुटमळत राहिलात तर मालवणी मुलुखात कोणीतरी म्हणेलच, “भायर रवान काय दिसतला? भितर येवा.”

मग कुठेही न थांबता एक फेरी मारा. नुसतं बघा, फोटो नकोत. फेरीत एखाद्या गाडीपाशी पाय रेंगाळतो, तीच तुमची. कारण काहीही असो: शाळेचे हेडमास्तर तसली चालवायचे, लग्नाच्या फोटोत तसली आहे, किंवा नुसता रंग आवडला. परत येऊन तिच्यापाशी अर्धा तास काढा.

हात लावायचा नाही हे सांगायला नको, पण का ते सांगतो. बोटांच्या घामात मीठ असतं. क्रोमवर आधीच बारीक पुटकुळ्या आलेल्या असतात, त्यांत ते जाऊन बसतं. जुना सेल्युलोज रंग नखानेसुद्धा उमटतो. दार उघडून बघायचं असेल तर विचारा आणि उघडू त्यांनाच द्या. जुन्या दारांच्या बिजागऱ्या झिजलेल्या असतात, दार किंचित उचलून लावावं लागतं आणि किती उचलायचं ते फक्त मालकाला ठाऊक असतं.

एक गाडी नीट कशी बघायची

समोरून सुरू करा. नंबर प्लेटच्या आसपास, बंपरमध्ये किंवा जाळीच्या खाली एक गोल भोक दिसतंय का बघा. ते हँडल मारायचं भोक. त्यातून लोखंडी हँडल आत घालून इंजिनाच्या दांड्याला अडकवायचं आणि हाताने फिरवून इंजिन चालू करायचं. कॅडिलॅकने १९१२ साली विजेचा सेल्फ आणला, तरी आपल्याकडे अॅम्बॅसेडर-फियाटच्या जमान्यातसुद्धा डिकीत हँडल असायचं, कारण बॅटरी उतरली तर कोकणातल्या घाटात ढकलायला माणसं आणायची कुठून? हे भोक बुजवलेलं असेल तर गाडीचं पुढचं अंग कधीतरी बदललेलं आहे असं समजायला हरकत नाही.

नंबर बघा, पण त्यावर वय ठरवू नका. बी ने सुरू होणारी अक्षरं असतील तर गाडी बहुधा जुन्या मुंबई राज्यातली. एम ने सुरू होणारी तीन अक्षरं असतील तर बहुधा महाराष्ट्र झाल्यानंतरची नोंद. नवा मोटार वाहन कायदा १९८९ मध्ये लागू झाला त्यानंतरची एमएच मालिका: रायगड ०६, सिंधुदुर्ग ०७, रत्नागिरी ०८. १९५५ ची गाडी नंतर कधी पुन्हा नोंदली गेली असेल तर तिच्यावर एमएच-०८ दिसेल. तो नंबर गाडीचं वय सांगत नाही, ती कुठे कुठे फिरली ते सांगतो.

आता बॉनेट. उघडायला सांगा. पितळेची किंवा अॅल्युमिनियमची एक छोटी पट्टी ठोकलेली असते, तिच्यावर चासी नंबर, इंजिन नंबर आणि बनवणाऱ्याचं नाव. अमेरिकन गाडी असेल तर ही पट्टी टॉर्च मारून वाचाच. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला सुटे भाग जोडून गाड्या तयार करायला सुरुवात केली. फोर्डचंही मुंबईत तसं जोडकाम होतं. १९५३ नंतर सरकारने नुसतं जोडकाम करणाऱ्यांना आवर घातला, तेव्हा दोघांनीही गाशा गुंडाळला. म्हणजे रत्नागिरीच्या शेडमधली शेवरोलेट अमेरिकेची खरी, पण तिचे नट आवळले शिवडीत, लालबाग-परळच्या गिरण्यांपासून हाकेच्या अंतरावर. ते आवळणाऱ्या हातांत कोकणातलेही असतील, असं मला आपलं वाटतं.

फियाट असेल तर पट्टीवर प्रीमियर ऑटोमोबाइल्स, कुर्ला. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेली कंपनी. पन्नासच्या दशकातल्या फियाट ११०० ला आपल्याकडे डुक्कर फियाट म्हणतात आणि गाडीसमोर उकिडवे बसलात तर नाव का पडलं ते विचारावं लागत नाही. तिची पुढची दारं उलटी, बिजागरी मागच्या बाजूला. चालत्या गाडीत असं दार उघडलं तर वारा ते ओढून फाडतो, म्हणून पुढे ही पद्धत मागे पडली. १९६४ पासूनची ११०० डी वेगळी, सरळ दारांची, कोपरे काढलेली. तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. पाहुण्यांची सगळ्यात जास्त ओळख याच गाडीशी निघते, त्यामुळे सगळ्यात कमी वेळ तिच्यापाशी जातो. तसं करू नका.

दारापाशी या. पुढच्या आणि मागच्या दारांमधल्या खांबात उभी फट दिसली तर तिच्यात इंडिकेटरचा हात लपलेला आहे. मॉरिस मायनरसारख्या गाड्यांत वळायच्या वेळी हा वीतभर लांबीचा पिवळा दिवा खांबातून टक्कन बाहेर यायचा आणि वळण झालं की आत. चालू असेल तर काकांना एकदा दाखवायला सांगा. पोरं तर खूश होतातच, मोठ्यांचाही चेहरा बघण्यासारखा होतो.

आत डोकवा. गियर कुठे आहे? पद्मिनी आणि जुन्या अॅम्बॅसेडरमध्ये तो स्टिअरिंगच्या दांड्यावर असतो, म्हणूनच पुढे एकसंध सीट आणि त्यावर तीन माणसं, प्रसंगी चार. पायाशी क्लचच्या डावीकडे एक गोल बटण दिसेल, तो डिपर. हेडलाइटचा झोत पायाने दाबून खाली-वर करायचा. फोर्डची मॉडेल टी कुठे बघायला मिळालीच तर तिचे तीन पेडल बघून तुमचा ड्रायव्हिंगचा सगळा अभ्यास उलटापालटा होईल: डावा पेडल गियरचा, मधला रिव्हर्सचा, उजवा ब्रेकचा, आणि पेट्रोलचा दट्ट्या पायात नाहीच, तो स्टिअरिंगखाली हाताशी. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीवर गाड्या अशाच विकल्या गेल्या आणि लोक त्या बिनतक्रार चालवत होते.

गंज वाचायला शिका

हा भाग सावकाश वाचा, कारण कोकणातल्या संग्रहाचं वेगळेपण इथे आहे.

समुद्राच्या वाऱ्याबरोबर मिठाचे अतिबारीक कण येतात आणि थरासारखे बसतात. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे पत्रा कोरडा दिसला तरी त्यावर ओलीची एक पातळ पापुद्री असतेच आणि त्या खाऱ्या ओलीत लोखंड फार वेगाने गंजतं. म्हणून देशावर पन्नास वर्षं उघड्यावर उभी राहिलेली गाडी जेवढी खराब होते, तेवढी इथे फार लवकर होते. आणि ती बाहेरून नाही, आतून होते. दाराच्या खालच्या कडेला पाणी निचरायला भोकं असतात. ती मातीने, पानांच्या कुजलेल्या चुऱ्याने बुजतात. पाणी आत साचतं, पत्रा आतून खात सुटतो आणि बाहेर रंग मात्र झक्क. मग एक दिवस कडेला रंगाचा फोड येतो. तो फोड दिसला तेव्हा आतलं काम कधीच संपलेलं असतं.

तेव्हा तिरप्या उन्हात किंवा टॉर्च पत्र्याला जवळजवळ समांतर धरून दाराच्या खालच्या कडा, मडगार्डच्या कमानी, हेडलाइटच्या भोवतालची गोलाई आणि डिकीचा तळ बघा. झोत आडवा पडला की पृष्ठभागावरची प्रत्येक लाट दिसते. सलग, घट्ट वळण असेल तर मूळ पत्रा. मऊ, किंचित लोळलेली कड असेल तर खाली पुट्टी, म्हणजे पत्र्यातले खड्डे भरायचा लेप. लोहचुंबक लावून बघायची युक्ती तुम्ही ऐकली असेल, पुट्टीवर चुंबक धरत नाही. गाडी विकत घेताना ती उपयोगी. कुणाच्या घरी पाहुणे म्हणून जाऊन त्याच्या गाडीला चुंबक लावणं म्हणजे पंगतीत बसून वरणाचं मोजमाप काढणं.

पुट्टी दिसली म्हणून नाक मुरडू नका. मिस्त्रीने किती पत्रा कापला, कुठे नवा जोडला, कुठे पुट्टीवर भागवलं, हा हिशेब प्रत्येक जुन्या गाडीत असतो आणि तो पैशाचा असतो. मला स्वतःला नवा रंग मारून आरशासारखी केलेली गाडी बघून जेवढा आनंद होत नाही, तेवढा एका बाजूचं मडगार्ड मूळ, उडालेल्या रंगाचं आणि दुसरं हाताने ठोकून बनवलेलं, अशी गाडी बघून होतो. पहिली सुंदर असते, दुसरीत माणूस दिसतो.

तीसच्या दशकातल्या किंवा आधीच्या गाडीत आणखी एक गंमत. पत्र्याच्या आत पुष्कळदा लाकडाचा सांगाडा असतो, पत्रा फक्त त्यावर चढवलेला. लाकूड कुजलं की दारं लोंबायला लागतात. असा सांगाडा नव्याने घडवायला गॅरेजवाल्याचं काम नसतं, सुताराचं असतं. होड्या बांधणाऱ्या गावांत वाकवलेलं, एकात एक बसवलेलं लाकूड जुळवणारे हात अजून आहेत. अशी गाडी दिसली तर “लाकूडकाम कोणी केलं?” हे जरूर विचारा.

शेवटी खाली वाका. इंजिनाखाली ट्रे किंवा पत्र्याचा डबा ठेवलेला दिसेल, त्यात ऑइलचे थेंब. नवखे लोक म्हणतात, गाडी गळतेय. गळू दे. त्या काळच्या इंजिनांना आजच्यासारखी रबरी सीलं सगळीकडे नव्हती, थोडं ऑइल टिपकणं हा तिचा स्वभाव. उलट एक थेंबही नसेल तर आत ऑइल आहे का, असं जुने फिटर गमतीने विचारतात.

विंटेज कशाला म्हणायचं

राखणदाराशी बोलताना हा शब्द जपून वापरा. इंग्लंडमधल्या जाणकारांच्या मोजमापात १९१९ ते १९३० मधली गाडी विंटेज, त्याआधीच्या वेगळ्या नि नंतरच्या वेगळ्या. आपल्या केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांत पन्नास वर्षं ओलांडलेलं, मूळ रूपात राखलेलं दुचाकी-चारचाकी वाहन विंटेज. म्हणजे इंग्लंडात जिला कोणी विंटेज म्हणणार नाही ती १९७० ची अॅम्बॅसेडर आपल्याकडे कायद्याने विंटेज. आपण आपलं जुनी गाडी म्हणावं, सगळ्यांना कळतं.

काय विचारावं, काय विचारू नये

“किती देते?” हा प्रश्न विचारू नका. “आता विकली तर किती येतील?” हा त्याहून वाईट. “एवढा खर्च कशाला करता?” हा तर त्यांना घरात रोज ऐकावा लागतो.

विचारावं ते हे: शेवटची चालू कधी केली? पाऊस संपल्यावर पहिलं काम काय करता? कुठला पार्ट मिळायला सगळ्यात त्रास झाला? डेल्को, कॉइल, पॉइंट, डायनामो असे शब्द तुम्हाला येत नसतील तरी बिघडत नाही, बोट दाखवून “हे काय?” म्हणा. जुन्या माणसाला यंत्र समजावून सांगायला जेवढं आवडतं तेवढं दुसरं काही नाही.

पेट्रोलचा विषय काढलात तर खुर्ची मागवा. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं आणि जुन्या गाड्यांतली रबरी नळी, वॉशर खराब करतं. त्यातून कोकणची दमट हवा. म्हणून शहाणे संग्राहक टाकी भरून गाडी महिनोन्महिने उभी ठेवत नाहीत, लागेल तेवढंच घालतात किंवा काढून घेतात. उंदरांचाही विषय निघेल. वायरी कुरतडणं, सीटच्या काथ्यात बाळंत होणं, एअर फिल्टरमध्ये संसार थाटणं. गाडीत डांबरगोळ्यांचा वास येतो तो त्यापायी.

गाडी चालू करून दाखवली तर

ही मेजवानी समजा, हक्क समजू नका. चालू करताना गाडीच्या पुढे-मागे उभं राहू नका, बाजूला व्हा. शेडचं दार उघडं आहे ना बघा, कारण चोक ओढलेल्या थंड इंजिनाचा धूर बंद जागेत घातक असतो. दम्याचा त्रास असलेल्यांनी बाहेरूनच बघावं.

हँडल मारून बघायची संधी मिळाली तर आधी न्यूट्रल आणि हँडब्रेक त्यांच्याकडून खात्री करून घ्या. अंगठा हँडलभोवती वळवायचा नाही, बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. आणि हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. इंजिन उलटं फिरलं तर हँडल झटका मारून परत येतं, मुठीतला अंगठा किंवा मनगट मोडतं. ओढत असलात तर हात सुटून जातो. एकदा हँडल मारलंत की सेल्फचं बटण शोधणाऱ्याचं मोल कळेल. दोनदा मारून चालू झाली नाही तर थांबा, काका करतील.

लहान मुलं

मुलांना जरूर न्या, पण आधी बजावून. आत बसवा असं स्वतःहून म्हणू नका. जीप असेल तर बहुधा मालकच बसवतात, कारण जीपला कशाचंच काही वाटत नाही. मुलांना एक काम द्या: प्रत्येक गाडीचं हॉर्न कुठे आहे शोधा. रबरी फुग्याचं, स्टिअरिंगच्या मधलं, गोल रिंगचं. तेवढ्या वेळात तुमचं बघून होतं.

फोटो आणि पैसे

फ्लॅश बंद ठेवा, काच नि क्रोम दोन्ही पांढरं फेक येतं. गाडीचा अख्खा फोटो सगळेच काढतात. त्यापेक्षा डॅशबोर्डवरची घड्याळं, दाराची कडी, हेडलाइटच्या काचेतली नक्षी काढा. इंटरनेटवर टाकणार असाल तर विचारून, आणि घराचा पत्ता, मालकाचं नाव, चासी नंबर दिसेल असं काही टाकू नका. जुन्या पार्ट्सची चोरी होते.

तिकीट नसेल आणि पेटीही नसेल तर पैसे हातात कोंबू नका, ते अवघड होतं. कोकम, आमसुलं, काजू, फणसाची साठं असं घरचं काही विकायला ठेवलेलं असतं, ते घ्या. सरबत पुढे आलं तर नाही म्हणू नका. काढलेल्या फोटोंपैकी दोन चांगले छापून पोस्टाने पाठवलेत तर पुढच्या खेपेला शेडची मागची खोलीही उघडते, आणि अजून न जोडलेल्या गाड्या तिथे असतात.

तुमच्या पडवीत एखादी उभी असेल तर

अशी भेट झाली की पुष्कळांना गावच्या घरामागे ताडपत्रीखाली उभी असलेली आजोबांची गाडी आठवते. तिचं काही करायचं मनात आलं तर मिस्त्री शोधायच्या आधी कागद शोधा. पन्नास वर्षांवरची गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. त्यासाठी फॉर्म २० मध्ये अर्ज, विम्याची पॉलिसी आणि जुनं आरसी बुक लागतं. बाहेरून आणलेली असेल तर कस्टमचा कागदही. नव्या नोंदणीची फी वीस हजार, नोंदणी दहा वर्षांची, नंतरच्या नूतनीकरणाला पाच हजार. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नव्याने नोंद झाली तर नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर.

आरसी बुक सापडेपर्यंत ताडपत्री काढून टाका. तिच्याखाली घाम धरतो आणि गंज दुप्पट चालतो. सुती कापड टाका, चाकांखाली फळ्या घाला, दाराच्या खालची भोकं तारेने मोकळी करा, आणि दिवाळीनंतर एकदा गोड्या पाण्याने सगळीकडून धुवून उन्हात उभी करा. सेल्फ मारून बघायचा मोह होईल, तो आवरा. आत ऑइल सुकलेलं असतं, पिस्टन धरून बसलेले असतात. आधी प्लग काढून प्रत्येक भोकात थोडं ऑइल सोडा, दोन दिवस तसंच राहू द्या, आणि मग हँडलने हळूच फिरतंय का बघा. नाही फिरलं तर जोर लावू नका, मिस्त्रीला बोलवा.